लाल डब्याची पूजा

“इथलं काही राहिलं का, शेवकरी मॅडम?” राजहंस साहेबांनी विचारलं.

त्यांच्या हातात हळदीकुंकवाचं ताट होतं, डोक्यावर नवी कोरी टोपी होती आणि टोपीला किमतीची चिठ्ठी अजून चिकटलेली होती. खंडेनवमीचा दिवस. सकाळी नऊपासून साहेब कारखानाभर फिरत होते आणि दिसेल त्याला कुंकू लावत होते. बोल्ट आवळायच्या गनांना लावलं, रोबोच्या हाताला लावलं, आग विझवायच्या नळकांड्याला लावलं. ते मुळात लालच, त्यामुळे उठून दिसेना, म्हणून पुन्हा लावलं. चहाच्या मशीनलासुद्धा सोडलं नाही. साहेब आमचे गुणवत्तेचे प्रमुख. वर्षाच्या बाकीच्या तीनशे चौसष्ट दिवसांत त्यांनी एखाद्या मशीनला हात लावल्याचं मला तरी आठवत नाही.

“झालं की सगळं, साहेब,” मी म्हटलं.

“आणि हा?” त्यांनी लाल डब्याकडे बोट दाखवलं.

या डब्याचं आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आम्ही चाकणच्या पुढे इलेक्ट्रिक गाड्या बनवतो. कंपनीचं नाव घेत नाही, अजून तिथूनच माझी पेन्शन ठरायची आहे. गाडीच्या पोटाखाली बॅटरी असते, चांगली दिवाणाएवढी. तिच्यात पाण्याचा थेंब जाता कामा नये. म्हणून गाडीला बसवण्याआधी प्रत्येक बॅटरीत हवा भरायची, हवेची वाट बंद करायची आणि दाब उतरतो का ते मशीनने बघायचं. उतरला तर कुठेतरी फट आहे, लाल दिवा. नाही उतरला तर हिरवा दिवा, बॅटरी पास. पण मशीन खरं बोलतंय हे कशावरून? त्यासाठी हा लाल डबा. तो मुद्दाम गळका केलेला होता. एका टोकाला पितळेची पातळ चकती आणि चकतीत केसाएवढं भोक, बंगळुरूच्या प्रयोगशाळेने मोजूनमापून पाडलेलं. रोज काम सुरू करताना पहिल्यांदा हा डबा मशीनला लावायचा. मशीनने त्याला नापास केलंच पाहिजे. पास केलं तर मशीन खोटं बोलतंय; लाइन बंद करायची आणि आदल्या दिवसापासूनच्या सगळ्या बॅटऱ्या पुन्हा तपासायच्या. हा नियम मी लिहिला होता आणि मला त्याचा भयंकर अभिमान होता.

“त्याला नको, साहेब,” मी म्हटलं. “त्याला बारीक भोक आहे, बुजलं तर पंचाईत.”

“अहो, रोज नापास होतो बिचारा,” साहेब म्हणाले. “त्यालाच तर आशीर्वादाची गरज.” आणि त्यांनी डब्याच्या कोपऱ्यावर कुंकवाचं बोट ओढलं, वर चार ओल्या अक्षता चिकटवल्या. भोवतीचे सगळे हसले. साहेबांच्या विनोदाला हसायचं, हा कुठेही न लिहिलेला नियम मात्र आमच्याकडे काटेकोर पाळला जायचा.

मीही हसले. पांढरी साडी नेसून हसले.

साडीचंही सांगायलाच हवं. बॅटरी विभागात साडी चालत नाही. धातू तर मुळीच नाही. बांगड्या, अंगठ्या, मंगळसूत्र, पिना, सगळं दाराशी टोपलीत काढून ठेवायचं, कारण आत चारशे व्होल्टचा कारभार. हाही नियम माझाच. पण मनुष्यबळ विभागाच्या केतकी बेलसरेने आठवडाभर आधी मेल पाठवला होता: नवरात्राचा नववा रंग पांढरा, तरी सर्व भगिनींनी पांढऱ्या साडीत यावे, एकावन्नाव्या गाडीसोबत फोटो आहे. मी तो मेल वाचून नाक मुरडलं, हे काय शाळेचं स्नेहसंमेलन आहे का म्हणून जेवणाच्या सुट्टीत चार जणींसमोर बोललेसुद्धा. आणि मग त्या दिवशी पहाटे उठून साडीला इस्त्री केली, निऱ्या दोनदा मोडून पुन्हा घातल्या आणि पदर खांद्यावर पिनेने टाचून दाराशी टोपलीला वळसा घालून आत शिरले. सुरक्षारक्षक काही बोलला नाही. त्याच्या कपाळावरही कुंकू होतं.

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी दहा वाजून बारा मिनिटांच्या मुहूर्तावर झेंडूच्या माळा घातलेल्या एकावन्न गाड्या फाटकातून बाहेर पडणार होत्या. साहेबांनी तसं मुंबईच्या ऑफिसला कळवून टाकलं होतं. एकावन्नच का, पन्नास का नाहीत, तर एकावन्न शुभ. बेचाळीस तयार होत्या. नऊ बॅटऱ्या तपासून बसवायच्या राहिल्या होत्या, आणि पूजा, आरती, भाषण, पेढे यात दुपारचे बारा वाजले.

साडेबाराला अंकुश टाकळकरने मशीन सुरू केलं.

अंकुश त्या मशीनवरचा ऑपरेटर. तीन कारखान्यांत मिळून नऊ वर्षं कंत्राटावर घासलेला माणूस, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, पण मी त्याला अरेतुरेच करायचे. मी इंजिनिअर, तो ऑपरेटर, त्यात वयाचा काय संबंध, असं तेव्हा मला वाटायचं. दसऱ्याला पाच जणांना पर्मनंटची पत्रं मिळणार होती. यादीत त्याचं नाव तिसरं होतं. सासुरवाडीला त्याने सांगून टाकलं होतं, दसऱ्याचं जेवण तिकडेच ठरलं होतं. आठवडाभर दिसेल त्याला तो तेच सांगत होता, आणि मला त्याचा कंटाळा आला होता.

“मॅडम, जरा येता का?” त्याने हाक मारली.

मी गेले. मशीनला लाल डबा लावलेला होता, कोपऱ्यावर कुंकू, अक्षता. आणि वर हिरवा दिवा.

“पुन्हा लाव,” मी म्हटलं.

“तीनदा लावला. तिन्ही वेळा पास.”

मी स्वतः लावला. हिरवा.

नियमाप्रमाणे मी लाल बटण दाबून लाइन बंद केली. मला त्याचं श्रेय घ्यायला आवडतं, म्हणून सांगते, माझा हात जराही अडखळला नाही. पाच मिनिटांत साहेब हजर. टोपीवरची चिठ्ठी आता निघाली होती, कुणीतरी धीर करून सांगितलं असणार.

“काय झालं? कुणी थांबवलं?”

“मी थांबवलं, साहेब. लाल डबा पास होतोय.”

साहेबांनी डब्याकडे पाहिलं, कुंकवाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. “अहो मॅडम, तुम्हीच म्हणाला होतात ना सकाळी? भोक बुजणार म्हणून. बुजलं. अक्षतांचं पाणी ओघळलं असेल. मशीनला काय झालंय? चांगलं ठणठणीत आहे. तुमचा डबा साफ करा आणि चालू करा.”

मला ते लगेच पटलं. पटलं म्हणजे काय, आवडलं. मी सकाळी सांगितलेलं खरं ठरलं होतं, आणि तेही साहेबांच्या तोंडून.

“पण साहेब,” अंकुश म्हणाला, “कुंकू या कोपऱ्यावर हाय. चकती पार त्या टोकाला. मी चकतीवर हवा मारली, कपड्यानं पुसली. तिथं कायबी नव्हतं.”

“पाणी कुठेही जातं, टाकळकर,” साहेब म्हणाले.

“व्हय, पण मॅडम, दुसरं पण एक हाय. काल दुपारपासून मशीन सुसू करतंय. हवेची वाट बंद झाल्यावर आवाज यायला नको ना? येतोय. बारीक येतोय. कान लावून बघा.”

आता इथे मी कान लावायला हवा होता. वाकायचं आणि मशीनला कान लावायचा, दोन मिनिटांचं काम. पण पांढऱ्या साडीत, साहेबांसमोर, आरतीला आलेली माणसं अजून भोवती उभी असताना, एका ऑपरेटरच्या सांगण्यावरून मशीनला कान लावून उभं राहायचं?

“मशीन कसं चालतं ते मला माहीत आहे, अंकुश,” मी म्हटलं. “तू बटणं दाब.”

“तसं नाय, मॅडम. डब्याचं कायबी असू दे, निदान कालच्या अठरा बॅटऱ्या...”

“त्या अठरा गाड्यांना बसल्यात,” साहेब म्हणाले. “माळा घालून उभ्या आहेत. उतरवायच्या म्हणजे दोन दिवस. दोन दिवस, मॅडम. मी मुंबईला काय सांगू, कुंकवामुळे दसरा परवा आहे?”

पुन्हा सगळे हसले.

“ठरवा तुम्ही,” साहेब मला म्हणाले. “गुणवत्तेत मी कधी ढवळाढवळ करत नाही.” गुणवत्तेचा प्रमुख हे वाक्य गंभीर चेहऱ्याने बोलला.

दुसरा लाल डबा खरेदी विभागाकडे आठ महिने अडकला होता. हाच डबा साफ करायचा तर बंगळुरूला पाठवायला हवा होता, कारण त्या भोकाला काहीही टोचायचं नाही असं त्याच्या सर्टिफिकेटवर ठळक छापलेलं होतं. पितळ मऊ असतं. हे मी नव्या मुलांना दर महिन्याला वर्गात शिकवायचे.

मी खांद्यावरची पिन काढली.

“मॅडम, नका,” अंकुश हळूच म्हणाला.

“तुला उद्या पत्र हवंय ना?” मीही हळूच म्हटलं. साहेबांना ऐकू गेलं नाही. अंकुशला गेलं. तो दोन पावलं मागे सरकला आणि हात बांधून उभा राहिला.

मी पिन भोकात घातली, जरा फिरवली, बाहेर काढली, पदराला पुसली आणि पुन्हा खांद्यावर टाचली. डबा लावला. मशीनने हवा भरली, वाट बंद केली, आकडे भराभर खाली आले. लाल दिवा.

टाळ्या वाजल्या. खरंच वाजल्या. एक गळका डबा नापास झाला म्हणून तीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी माझ्यासाठी पेढ्यांचा पुडा मागवला. “याला म्हणतात क्वालिटी,” ते म्हणाले. मी रजिस्टरमध्ये लिहिलं: कुंकवामुळे छिद्र बुजले होते, साफ केले, मशीन योग्य. खाली सही केली. त्याखाली ऑपरेटरची सही लागायची. अंकुशने रजिस्टर हातात घेतलं, बराच वेळ वाचलं, आणि सही केली.

चारला केतकीने फोटो काढला. एकावन्नावी गाडी मध्ये, बॉनेटवर झेंडूची माळ, आम्ही अकरा जणी पांढऱ्या साड्यांत, मधोमध साहेब. लाल डबाही फोटोत हवा असा साहेबांचा आग्रह, आजचा हिरो म्हणून. तो घेऊन कडेला अंकुश उभा राहिला. दुसऱ्या दिवशी दहा वाजून बारा मिनिटांनी गाड्या गेल्या, अंकुशला पत्र मिळालं. पत्रात एक वर्षाच्या परीक्षाकाळाची, म्हणजे तोवर केव्हाही काढता येईल अशी ओळ होती, ती तेव्हा कुणी वाचली नाही. फोटो मोठा करून साहेबांच्या केबिनमध्ये लागला.

त्यानंतर रोज सकाळी लाल डबा नापास होत राहिला. इतका छान नापास व्हायचा की विचारू नका. आधी मशीनला दाब उतरलेला कळायला पंधरा सेकंद लागायचे, आता चार सेकंदांत लाल. मी साहेबांना म्हटलं, मशीन सुधारलंय. वर्षाअखेरीला आम्हाला ढाल मिळाली, शून्य दोष म्हणून.

जूनच्या शेवटी पहिली गाडी परत आली. मग तीन, मग चौदा. बॅटरीत पाणी. रस्त्यावरच्या डबक्यातून नेलेल्या गाड्या, धुवायला नेलेल्या गाड्या. कोल्हापूरकडची एक बाई घाटात वळणावर असताना गाडी एकदम मेली, मागून टेम्पो आदळला. जीव वाचला, पण हात कोपरापासून गेला. शाळेत चित्रकला शिकवायची, असं तिच्या घरून कंपनीला आलेल्या पत्रात लिहिलेलं होतं. ते पत्र साहेबांनी मला वाचायला दिलं आणि वाचून झाल्याबरोबर परत घेतलं.

मशीन उघडलं. हवेची वाट बंद करणारा व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नव्हता. बॅटरीतून गळालेली हवा मागून सुसू करत पुन्हा भरली जात होती, म्हणून दाब उतरलेला दिसतच नव्हता. गळती मोठी असेल तरच मशीनला कळायचं. आणि लाल डबा बंगळुरूला गेला, तिथून उत्तर आलं: चकतीतलं छिद्र मूळ मापाच्या तिप्पट, कडा ओरखडलेल्या, टोकदार वस्तू घातल्याची खूण. म्हणजे जे मशीन बारीक गळती बघू शकत नव्हतं, त्याच्यासाठी आम्ही गळती मोठी करून दिली होती. आणि त्यावर आठ-नऊ महिने गाड्या पास केल्या होत्या.

चौकशी समिती बसली. साहेब अध्यक्ष, केतकी सचिव, आणि तज्ज्ञ सदस्य म्हणून मी. हसू नका, अशा समित्या अशाच असतात. साहेबांच्या केबिनमध्ये बसलो. अंकुशला समोर बसवलं.

“टाकळकर, डब्याच्या छिद्रात टोकदार वस्तू कुणी घातली?” साहेबांनी विचारलं.

अंकुशने आधी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलते का, याची त्याने वाट पाहिली. बऱ्यापैकी वाट पाहिली.

“मॅडमनी,” तो म्हणाला. “खंडेनवमीला. साडीची पिन होती. तुम्हीपण होता, साहेब.”

“मी होतो,” साहेब म्हणाले, “पण मी फोनवर होतो. मॅडम?”

माझा भाऊ तेव्हा बेकार होता, घर माझ्यावर चालायचं, असली कारणं मी नंतर स्वतःला पुष्कळ सांगितली. त्या क्षणी यातलं काहीही मनात नव्हतं. मनात एवढंच होतं की बॅटरी विभागात पिन नेली हे कबूल केलं, तर मला माझ्याच नियमाने काढतील, आणि कारखान्यातली पोरंटोरं हसतील.

“टाकळकर, तुम्ही काहीतरी गोंधळ करताय,” मी म्हटलं. त्याला मी तुम्ही म्हणाले ते त्या दिवशी पहिल्यांदा. “बॅटरी विभागात साडी चालत नाही. तो नियम मीच लिहिलाय. मी त्या दिवशी साडी नेसलेच नव्हते.”

साहेबांच्या डोक्यामागे भिंतीवर तो फोटो होता, चांगला तीन फूट रुंद. त्यात साहेबांच्या उजव्या हाताला मी, पांढऱ्या साडीत, खांद्यावर पिन. कडेला अंकुश, हातात लाल डबा, आणि डब्याच्या एका कोपऱ्यावर कुंकवाचं बोट, चकतीपासून हातभर लांब. अंकुशने फोटोकडे पाहिलं. केतकीने पाहिलं. फोटो तिनेच काढला होता, साडीचा मेल तिनेच पाठवला होता. तिचं पेन कागदावर थांबलं.

साहेबांनी मागे वळून पाहिलं नाही.

“लिहा,” ते म्हणाले.

केतकीने लिहिलं. ऑपरेटरने अनधिकृत वस्तूने डबा साफ केला, असा निष्कर्ष निघाला. त्याची रजिस्टरमधली सही पुराव्याला जोडली. वर माझीही सही होती, पण झेरॉक्स काढताना पान थोडं वर सरकलं. परीक्षाकाळाची ती ओळ आता सगळ्यांनी नीट वाचली.

अंकुशला निकाल वाचून दाखवला. तो ओरडेल, रडेल, युनियनला जाईन म्हणेल, अशी साहेबांनी तयारी ठेवली होती. दाराबाहेर दोन रक्षक उभे होते. तो उठला, खुर्ची जागेवर सरकवली आणि केतकीला म्हणाला, “ताई, तो भिंतीवरचा फोटो हाय ना, त्याची एक कॉपी मिळंल का? मला पत्र मिळालं त्या टायमाचा एकपण फोटो नाय माझ्याकडं.”

केतकीने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी माझ्याकडे.

“देऊ,” मी म्हटलं. “पाठवते मी.”

“तुम्हीच पाठवा मॅडम,” तो म्हणाला. “तुम्ही म्हणताय तर मी वाट बघतो.” आणि गेला.

संध्याकाळच्या आत फोटो भिंतीवरून उतरला. कुठे टाकायचा असा प्रश्न पडला, तेव्हा साहेब म्हणाले, मॅडम, तुम्हीच घेऊन जा. मी नेला. दोन वर्षांनी साहेब मुंबईला गेले आणि त्यांची खुर्ची मला मिळाली. गुणवत्तेवर व्याख्यानं देते मी आता, पुण्यात, नाशिकला. माणसं वहीत लिहून घेतात. खंडेनवमीला ताट घेऊन मीच फिरते.

एक गोष्ट मी समितीला सांगितली नाही, रजिस्टरमध्ये लिहिली नाही. त्या दुपारी मी भोकातून पिन काढली तेव्हा तिच्या टोकाला काहीही लागलेलं नव्हतं. कुंकू नाही, हळद नाही, पाणी नाही. मी ती पदराला पुसली ती सवयीने, आणि पुसून पदराकडे पाहिलं. फोटो कपाटाच्या वरच्या खणात, चादरींखाली आहे. तो काढला की अजूनही मी आधी पदरच बघते. पांढरा पदर आहे, एवढा मोठा केलेला फोटो आहे, आणि त्यावर कुठे डाग नाही.

याला नऊ वर्षं झाली. टाकळकर आळंदी फाट्याला पंक्चरचं दुकान चालवतो. मी रोज त्याच रस्त्याने जाते. कॉपी मी अजून त्याला दिलेली नाही.